झोप, आळस आणि सत्तर हजार पेशी

पवित्र गुरुवारी रात्री आराधनेचे तास वाडीवार वाटून दिलेले असतात. शेवटचा, अकरा ते बाराचा तास ज्या वाडीच्या वाट्याला येतो तिची खरी परीक्षा. दिवसभर राबलेली माणसे गुडघ्यांवर येतात, ओठ जपमाळेबरोबर हलत असतात आणि एकेकाची मान हळूहळू खाली जाऊ लागते. शेजारचा कोपराने डिवचतो. मागच्या बाकावर खसखस पिकते. तासभरही जागे राहता न आलेल्या तीन शिष्यांची कथा आपण झावळ्यांच्या रविवारी नुकतीच ऐकलेली असते. त्यामुळे ज्याला डुलकी लागते त्याला आपण दुहेरी अपराधी आहोत असे वाटते.

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले पापनिवेदनाची तयारी करताना कागदावर जी पापे लिहून काढतात त्यांत 'मिस्सेत झोपलो' हे हमखास असते. आपण कौतुकाने हसतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. झोप लागणे हे पाप आहे का? नसेल, तर ख्रिस्तसभेने आळसाला सात प्रमुख पापांत का बसवले? आणि ज्याला भर दुपारी, बोलता बोलता, हातात घास असताना झोप घेरते, त्या माणसाला आपण काय म्हणायचे? आपल्याकडे त्याला कुंभकर्ण म्हणतात आणि विषय संपवतात. तो तसा संपू नये असे आम्हाला वाटते, कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मेंदूच्या अभ्यासातून जे समोर आले आहे ते आपल्या या घाईच्या निवाड्याला नीट बसत नाही.

१८८० साली झां-बाप्तिस्त-एदुआर जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्ण ३८ वर्षांचा, दारूच्या पिंपांचा व्यापार करणारा. त्याला दिवसाकाठी दोनशेपर्यंत झोपेचे झटके येत. त्याहून विचित्र गोष्ट अशी की मोठ्याने हसला, किंवा एखादा फायद्याचा सौदा जमणार असे दिसले, की त्याचे पाय लटपटत आणि तो खाली बसे. जेलिनोंनी या आजाराला ग्रीक शब्दांवरून 'नार्कोलेप्सी' असे नाव दिले. त्यापूर्वी तीन वर्षे, १८७७ साली, वेस्टफाल या जर्मन डॉक्टरांनीही अशाच रुग्णाचे वर्णन केले होते. आजाराला नाव मिळाले, पण कारण सापडायला आणखी एकशेवीस वर्षे जावी लागली. तेवढ्या काळात किती माणसे आळशी, ढोंगी किंवा झपाटलेली ठरली असतील याचा हिशेब कोण देणार!

कारण समजण्यासाठी झोपेचा कारभार थोडा पाहू. दिवा मालवावा तसा मेंदू झोपेत बंद होतो अशी आपली समजूत असते. तसे होत नाही. झोपेतही मेंदू कामात असतो, फक्त सूत्रे दुसऱ्या पेशींच्या हाती जातात. आपण जागे असताना मेंदूच्या बुंध्यातून आणि तळातून काही रसायने सतत वर धाडली जात असतात. हिस्टामिन हे त्यांतले एक. सर्दीची जुन्या पद्धतीची गोळी घेतल्यावर जी पेंग येते ती त्या गोळीने हिस्टामिनला अडवल्यामुळे. दिवसभर जागरण झाले की अॅडेनोसिन नावाचे द्रव्य मेंदूत साचत जाते आणि डोळे जड होतात. चहा-कॉफीतले कॅफिन या अॅडेनोसिनची जागा अडवून बसते, म्हणून घटकाभर तरतरी वाटते.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. तेथे झोप आणणाऱ्या पेशींचा एक गट आहे. हा गट आणि जाग राखणारे गट एकमेकांना दाबून धरतात. एकाचा जोर झाला की दुसरा गप्प. म्हणूनच निरोगी माणूस एक तर जागा असतो नाही तर झोपलेला, मधल्या उंबरठ्यावर तो फार वेळ रेंगाळत नाही. पण दोन्ही बाजूंना उघडणारे दार वाऱ्याने आपटते, तसे हे दारही आपटले असते. ते आपटू नये म्हणून त्याला एक कडी लावलेली आहे. ही कडी म्हणजे ओरेक्सिन हे रसायन. १९९८ साली अमेरिकेत दोन निरनिराळ्या गटांनी ते जवळजवळ एकाच वेळी शोधले. एका गटाने त्याचे नाव हायपोक्रेटिन ठेवले, दुसऱ्याने ओरेक्सिन. दोन्ही नावे आजही चालतात, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो तो वेगळाच.

दुसऱ्याच वर्षी, १९९९ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठात एमान्युएल मिन्यो यांच्या गटाने डॉबरमन आणि लॅब्रॅडोर जातीच्या काही कुत्र्यांचा उलगडा केला. ही कुत्री आवडीचे खाणे समोर आले की आनंदाने जागच्या जागी कोसळत. त्यांच्या मेंदूत ओरेक्सिन होते, पण ते झेलणारी जागाच जन्मतः बिघडलेली होती. माणसाचे तसे नव्हते. २००० साली मृत रुग्णांचे मेंदू तपासले गेले तेव्हा ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या आढळल्या. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी अवघ्या सत्तर हजारांच्या आसपास. या आजारात त्यांतल्या दहापैकी नऊ तरी गेलेल्या असतात. ओंजळभर तांदळातून एखादा दाणा हरवावा त्याहूनही थोडे हे नुकसान, आणि त्यापायी माणसाचा दिवस आणि रात्र यांच्यामधली भिंत ढासळते.

या पेशी का मरतात? शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच चुकून त्यांच्यावर उलटते, असे आज बहुतेक संशोधक मानतात. काही माणसांत त्याला अनुकूल असा आनुवंशिक गुण असतो, पण तेवढ्याने आजार होत नाही. बाहेरचे काही निमित्त लागते. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली. त्यानंतर चीनमध्ये या आजाराचे नवे रुग्ण वाढलेले दिसले. फिनलंड आणि स्वीडनमध्ये त्या साथीसाठी दिलेल्या एका विशिष्ट लशीनंतरही मुलांमध्ये असे रुग्ण वाढले. ती लस पुढे वापरातून गेली. इतर लशींबद्दल भीती बाळगण्याचे हे कारण नव्हे. आमचा मुद्दा निराळाच आहे. एक मूल आजारातून उठते, काही महिन्यांनी वर्गात झोपू लागते, आणि शिक्षकांपासून आजीपर्यंत सगळे म्हणू लागतात की याचे अभ्यासातले लक्ष उडाले आहे. त्या मुलाने काय केले?

आता लक्षणे पाहू. निरोगी माणसाची झोप आधी उथळ, मग गाढ होत जाते, आणि साधारण तास-दीड तासाने स्वप्नांची झोप येते. तिच्यात पापण्यांखाली बुबुळे वेगाने फिरतात. १९५३ साली शिकागो येथे ती प्रथम नोंदली गेली. या झोपेत श्वासाचे आणि डोळ्यांचे स्नायू सोडले तर बाकीचे शरीर लुळे पडते. निर्मात्याची ही केवढी दूरदृष्टी! नाही तर स्वप्नात धावणारा माणूस खरोखरच विहिरीकडे धावला असता. नार्कोलेप्सीत कडी निघाल्यामुळे स्वप्नांची झोप तासाभराने न येता काही मिनिटांतच आत घुसते, कधी कधी तर माणूस जागा असतानाच तिचा एखादा तुकडा आत शिरतो. स्वप्नातले लुळेपण जागेपणी आले की हसता हसता गुडघे मोडतात, मान लटकते, हातातला पेला पडतो. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. मन जागे झाले पण लुळेपण गेले नाही, तर माणूस अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहतो, ओरडू म्हणतो पण आवाज फुटत नाही. डोळे मिटण्याआधीच स्वप्न सुरू झाले, तर खोलीत नसलेली माणसे दिसतात, दाराशी पावले वाजतात. सगळ्यांना सगळी लक्षणे नसतात, आणि कॅटाप्लेक्सी नसलेला एक प्रकार आहे ज्यात ओरेक्सिन बहुधा पुरेसे असते. त्याचे कारण वेगळे असावे.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगितली पाहिजे. हे रुग्ण चोवीस तासांत मिळून इतरांपेक्षा फारसे जास्त झोपत नाहीत. त्यांची रात्रीची झोप पुन्हा पुन्हा मोडते. दार दोन्हीकडे आपटते ते असे. 'एवढा झोपतो तरी याची झोप पुरत नाही' हे जे घरचे म्हणतात, ते वस्तुस्थितीला धरून नसते.

आजार साधारणतः दहा ते पंचवीस या वयात दिसू लागतो आणि निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षे जातात. ही वर्षे कोणती ते लक्षात घ्या. दहावी-बारावीची, पहिल्या नोकरीची, लग्न ठरण्याची. मुलगा पहिल्या बाकावर झोपतो म्हणून त्याला शेवटच्या बाकावर पाठवतात, तेथे तो आणखी झोपतो. मुलगी हसता हसता कोसळली की लोक दबक्या आवाजात फिट आली म्हणतात, आणि बोलणी पुढे जात नाहीत. चर्चगेटच्या गाडीत सगळेच पेंगतात, तेथे कोणाचे लक्ष जात नाही; पण कचेरीतल्या बैठकीत साहेबांसमोर पेंगलेला माणूस लक्षात राहतो. दर दोन हजार माणसांमागे साधारण एकाला हा आजार असतो असा अंदाज आहे. आठ हजार लोकवस्तीच्या धर्मग्रामात म्हणजे चार जण. चार जणांपैकी किती जणांना आपल्याला आजार आहे हे माहीत असेल?

अंथरुणात खिळून पडण्याच्या लक्षणाबद्दल थोडे अधिक. छातीवर कोणीतरी बसले, गळा आवळला, हाक मारता येईना, असे सांगणारी माणसे आपल्या प्रत्येक वाडीत आहेत. (त्यांतल्या बहुतेकांना नार्कोलेप्सी नसते. झोप अपुरी झालेल्या निरोगी माणसालाही आयुष्यात एखाद्या वेळी हे होते.) असे वारंवार झाले की घरचे भगताकडे धाव घेतात, नाही तर सैतान काढण्याच्या प्रार्थनेला नेतात. रुग्णासाठी प्रार्थना जरूर करावी, पण ख्रिस्तसभेची स्वतःची शिस्त याबाबतीत काय आहे हे ठाऊक हवे. भूतबाधा आहे असे मानण्यापूर्वी हा आजार नाही ना याची खात्री करून घ्यावी, असे धर्मशिकवणीच्या अधिकृत ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे, आणि आजारावर इलाज करणे हे वैद्यकाचे काम आहे असेही. ज्या मुलीला मध्यरात्री खोलीत काळी आकृती दिसते तिला आधीच भीतीने घेरलेले असते. वर तिला तुझ्यात सैतान आहे असे सांगणे ही भक्ती नव्हे.

आणि हसण्याबद्दल. कॅटाप्लेक्सी बहुतेक वेळा आनंदाने उसळते. राग, आश्चर्य यांनीही ती येते, पण सर्वांत जास्त हसण्याने, आणि तेही आपल्या माणसांत, मनमोकळे हसण्याने. म्हणून कित्येक रुग्ण न हसायला शिकतात. विनोद सुरू झाला की उठून जातात, लग्नघरी कोपऱ्यात बसतात, नातवंडाला उचलून घेत नाहीत. लोक म्हणतात, शिष्ट आहे. या माणसाला प्रभूने दिलेला आनंदच जपून, मोजून वापरावा लागतो, हे बाहेरून कोणाला कसे दिसावे? आळसाचा आरोप तर आहेच, त्यावर गर्वाचाही चढतो. दोन प्रमुख पापे, आणि माणसाने एकही केलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आळस म्हणजे काय? आपण आळसाचे चित्र खाटेवर लोळणाऱ्या माणसाचे काढतो. नीतिसूत्रांच्या पुस्तकातला आळशी खरोखरच तसा आहे, आणि मुंगीकडून शिकण्याचा सल्ला त्याला मिळतो. पण ज्या पापाला परंपरेने आळस म्हटले ते याहून खोल आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एवाग्रियस नावाच्या संन्याशाने त्याचे वर्णन केले आहे. भर दुपारी संन्याशाला सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, तो पुन्हा पुन्हा बाहेर डोकावतो, ही जागा आणि हे जीवन त्याला नकोसे होते, दुसरीकडे कुठे तरी बरे असेल असे वाटू लागते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात त्याची व्याख्या केली ती अशी की देवाकडून येणाऱ्या चांगल्या गोष्टीचेच मनाला ओझे वाटणे, तिच्याबद्दल खिन्नता येणे, म्हणजे आळस. या व्याख्येप्रमाणे रात्री दोनपर्यंत मोबाईलवर एका चित्रफितीवरून दुसरीवर बोट फिरवणारा, एकही क्षण न झोपलेला माणूस आळसाच्या पापात असू शकतो. आणि मिस्सेत मान टाकून झोपलेली म्हातारी नसू शकते.

शुभवर्तमानही झोपेकडे डोळसपणे पाहते. दहा कुमारिकांचा दाखला आपण नेहमी जागे राहण्याचा धडा म्हणून ऐकतो. पण नीट वाचले तर वर यायला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणी झोपी गेल्या होत्या, शहाण्याही आणि मूर्खही. फरक झोपेचा नव्हता, बुधल्यांतल्या तेलाचा होता. ते तेल जागेपणी भरून ठेवायचे असते. गेथसेमनी बागेतल्या शिष्यांबद्दल मत्तय आणि मार्क त्यांचे डोळे जड झाले होते असे सांगतात; लूक मात्र एक कारण देतो. ते दुःखाने थकून झोपले होते, असे तो लिहितो. परंपरेने लूकला वैद्य मानले आहे. वैद्याने आधी कारण पाहिले, हे आम्हाला फार आवडते.

येथे आपल्या वाडीतला एखादा शिकलेला तरुण विचारील, आणि त्याने विचारावेच, की झोप जर रसायनांनी ठरते तर रागही रसायनांनी, वासनाही रसायनांनी. मग पाप-पुण्य उरले कुठे? सत्तर हजार पेशी गेल्या आणि माणसाची जागे राहण्याची इच्छा पांगळी झाली, तर इच्छा म्हणजे पेशीच नव्हेत काय?

प्रश्न खरा आहे आणि त्याला भिण्याचे कारण नाही. आत्मा हा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूसारखा शरीरात राहतो, खोली गळली तरी तो कोरडा, अशी ख्रिस्तसभेची शिकवण कधीच नव्हती. १३१२ साली व्हिएन येथील धर्मपरिषदेने आत्मा हाच शरीराला त्याचे रूप देणारा आहे, दोघे मिळून एक माणूस, असे शिकवले. संत थॉमस तर अॅरिस्टॉटलच्या मागे जाऊन झोपेचे कारण पोटातून डोक्यात चढणाऱ्या वाफा असे देत. शास्त्र चुकीचे होते, पण वृत्ती पाहा. झोपेचे कारण शरीरात आहे असे म्हणताना त्यांना श्रद्धा धोक्यात आली असे वाटले नाही. उलट त्यावरून त्यांनी नीतीचा निष्कर्ष काढला : झोपेत विवेक बांधलेला असतो, म्हणून झोपेत जे घडते त्याचा दोष त्या क्षणी लागत नाही. दोष असलाच तर तो आधीच्या, जागेपणीच्या एखाद्या निवडीचा.

त्या तरुणाला आम्ही कॅटाप्लेक्सीचा झटका आलेल्या माणसाकडे पाहायला सांगू. तो जमिनीवर पडलेला असतो, पण बेशुद्ध नसतो. भोवतीचे प्रत्येक वाक्य त्याला ऐकू येते. 'नाटक करतोय' हेसुद्धा. उठावे असे त्याला मनापासून वाटत असते. इच्छा शाबूत आहे, अवयवांपर्यंत तिचा हुकूम पोचत नाही. झोपेच्या झटक्यात याच्या उलट, विवेकच काही मिनिटे हातातून निसटतो. आणि आळसात तिसरेच घडते : शरीर उठू शकते, विवेक जागा आहे, आणि माणूस म्हणतो की मला नको. तिन्ही बाहेरून एकसारख्या दिसतात. एकाच मेंदूतून, कोणत्या ना कोणत्या रसायनांवर स्वार होऊन येतात. तरी आतून त्या एक नाहीत, हे रुग्ण स्वतः सांगतो. त्याला झटका कोणता आणि कंटाळा कोणता हे कळते. आत्म्याचा हा काही प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे, तसे आम्ही म्हणत नाही. पण 'सगळेच रसायन' या एका वाक्याने हा भेद पुसला जात नाही एवढे खरे.

धर्मशिकवणीप्रमाणे मरणप्राय पापाला तीन गोष्टी लागतात : गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती. अज्ञान, भीती, सवय, मनाचे आजार अशा कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होते, कधी अजिबात उरत नाही, असेही तीच शिकवण सांगते. तेव्हा नार्कोलेप्सीच्या रुग्णाने झोपेचे पापनिवेदन करण्याची गरज नाही. त्याची जबाबदारी मात्र संपत नाही. ती जागेपणाच्या तासांत जाऊन बसते. डॉक्टरांकडे जाणे, औषध वेळेवर घेणे, दुपारी ठरवून पंधरा-वीस मिनिटे झोपणे, आणि आजार आटोक्यात नसताना मोटारसायकलला किल्ली न लावणे. हे शेवटचे सर्वांत कठीण, कारण आपल्याकडे गाडीवर पोट चालते. पण हायवेवर डोळा लागला तर समोरून येणाऱ्याचा जीव जातो, आणि आपल्याला झोप येते हे माहीत असताना गाडी काढणारा माणूस तेव्हा पूर्ण जागा असतो. हीच गोष्ट निरोगी माणसाला जास्त कडकपणे लागू आहे. मध्यरात्रीपर्यंत क्रिकेट पाहून पहाटे ट्रक चालवणाऱ्याला ओरेक्सिनचे निमित्त सांगता येणार नाही.

दिवसा असह्य झोप येणाऱ्या प्रत्येकाला नार्कोलेप्सी असते असे कोणी समजू नये. घोरण्याबरोबर श्वास अडकणे, थायरॉइड, रक्ताची कमतरता, उदासपणा, काही औषधे, आणि सर्वांत जास्त म्हणजे साधी अपुरी झोप, ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. भाजी, फुले घेऊन पहाटेची गाडी पकडणारी आपली माणसे रविवारच्या प्रवचनात पेंगतात, त्यांना कोणत्याही तपासणीची गरज नाही, रजेची गरज आहे. पण तीन महिन्यांहून अधिक काळ पुरेशी झोप घेऊनही भर दिवसा झोप आवरत नसेल, किंवा हसताना गुडघे, जबडा, मान यांतले त्राण जात असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. रात्रभर झोपेची तपासणी करतात आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी थोडे झोपायला सांगून झोप किती लवकर लागते, स्वप्नांची झोप किती लवकर येते, हे पाहतात. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण औषधांनी पुष्कळ फरक पडतो. ओरेक्सिनचेच काम करणाऱ्या गोळीच्या चाचण्यांचे आशादायक निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले आहेत.

लिझ्यूची संत तेरेसा कार्मेल मठात वर्षानुवर्षे ध्यानप्रार्थनेत आणि ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरच्या आभारप्रार्थनेत झोपत असे. तिला आजार होता असे म्हणायला काही आधार नाही, आणि तिने आपली झोप लपवलीही नाही. या गोष्टीचे आपण दुःख करायला हवे खरे, पण लहान मुले झोपेतही आईबापांना जागेपणी इतकीच आवडतात, आणि वैद्य शस्त्रक्रियेआधी रोग्याला झोपवतात, अशा अर्थाचे तिने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले. अशा बाईला ख्रिस्तसभेने १९९७ साली धर्मपंडित ही पदवी दिली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१७ साली एका मुलाखतीत, प्रार्थना करताना आपल्याला कधी कधी झोप लागते, असे सांगून याच तेरेसेचे नाव घेतले होते.

आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला तो युतुख! त्रोवस येथे विश्वासणारे भाकर मोडण्यासाठी जमले होते. पौल दुसऱ्या दिवशी निघणार होता, म्हणून तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. माडीवर पुष्कळ दिवे लावलेले होते. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोपेने घेरले आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलले तेव्हा तो मेलेला होता. पौल बोलणे थांबवून खाली गेला, त्याला कवटाळले, आणि घाबरू नका, याच्यात जीव आहे असे लोकांना सांगितले. झोपल्याबद्दल पौल त्याला बोलला नाही, जमलेल्यांतलेही कोणी बोलले नाही. मग सगळे वर गेले, भाकर मोडली, आणि पौल पुन्हा बोलू लागला तो थेट उजाडेपर्यंत. त्या तरुणाला लोकांनी जिवंत घरी नेले. उरलेली रात्र त्याने कुठे बसून काढली, हे मात्र लूकने लिहिलेले नाही.